लॉकडाऊनमध्ये तुमचा ठिपका कुठे होता?

केतकी: फोन साफ करताना गूगलच्या नकाशातला एप्रिल २०२० उघडला. महिनाभर एकच ठिपका, घर. तेव्हा माझा भाऊ गोदामात कामाला. त्याच्या फोनवर रोज तीच रेघ, घर-गोदाम-घर. एकाच आईबापाची पोरं, फरक फक्त नोकरीचा. तुमचं काय होतं?

रातपाळी: भावाला नमस्कार सांग. मी हॉस्पिटलात सफाईला. बस बंद, चालत जायचो. पास गळ्यात असूनही नाक्यावर रोज अडवायचे, एकाने तर उलटा धरून वाचला 😀 लोकांना वाटायचं, आम्हाला भीतीच नाही. होती हो. खाडा परवडत नव्हता.

मी_आपला: ऑफिस लॅपटॉपवर आलं, सामान दारात. पिशवी ठेवून पोरगा जिन्यात उभा राहायचा, मी आत नेईपर्यंत. विचारलं तर म्हणे, आधी हॉटेलात वेटर होतो, ते बंद पडलं म्हणून हे धरलं.

भिंगरी: आमच्या साहेबांनी सुरुवातीलाच गावाबाहेरच्या बंगल्यात मुक्काम हलवला. तिथून ग्रुपवर रोज मेसेज, 'कोणीही घराबाहेर पडू नका.'

आकडेमोड: नोव्हेंबर २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या १० महानगरांचा मोबाइल डेटावरचा अभ्यास आला होता. गरीब वस्त्यांतलं फिरणं श्रीमंत वस्त्यांइतकं घटलं नाही. आणि ती माणसं जायची त्या किराणा दुकानांत दर चौरस फुटामागे गर्दी ५९% जास्त. निघायचं, तेही दाटीत. 'ही माणसं नियमच पाळत नाहीत' म्हणणाऱ्या काकांना पाठवा.

मी_आपला: काका ग्रुप सोडून गेले ना 😂

सुईदोरा: आई चार घरची कामं करायची. दोन घरांनी काम बंद असूनही पगार दिला, बाकीच्यांनी 'नंतर बघू'. तेवढ्यात भागेना, मग शिवलेले मास्क विकायला दारोदार. चारही घरांनी दिला असता तर ती कशाला उंबरा ओलांडते! वर शेजारीण टोमणे मारायची, हिला घरात बसवत नाही म्हणून.

रातपाळी: शेजारणींना पगारी रजा होती वाटतं 🙏

भिंगरी: केतकी, तो नकाशा कुठे दिसतो? मला काहीच सापडेना.

केतकी: लोकेशन बंद असेल तेव्हा. मग कसलं दिसतंय.

भिंगरी: हां, बॅटरी खातं म्हणून बंदच असतं. सुईदोरा, इलॅस्टिक कुठून आणायचात? आमच्याकडे गायबच झालं होतं.

सुईदोरा: जुन्या टीशर्टच्या पट्ट्या. ओढल्या की आपोआप गुंडाळतात, कान पण दुखत नाहीत.