मूत्रपिंड, वृक्क, गुर्दा की किडनी?

प्रश्न: मावशीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा) वाढलेलं निघालं. तिचं पहिलं वाक्य, "अगं, लघवी तर भरपूर होते, मग किडनी कशी खराब?" मी सध्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात किडनीला कोणता शब्द ठेवावा? शिवाय मूत्रपिंड आणि मूत्राशय यांची लोक सर्रास गल्लत करतात, ती कशी टाळावी?

उत्तर: मावशींची समजूत शब्दातूनच आली असणार. 'मूत्रपिंड' म्हटलं की मूत्र बनवणारा पिंड, म्हणजे मूत्र होतंय तोवर सगळं ठीक, असं कुणालाही वाटेल. खरं काम आहे रक्त गाळण्याचं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी, साखर आणि गरजेपुरते क्षार परत रक्तात ओढून घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. पुष्कळदा आधी ढासळते ती पाणी परत ओढायची ताकद. मग लघवी भरपूर होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, पण ती असते नुसती पाण्यासारखी. युरिया, क्रिएटिनिन रक्तातच साचत जातं. रक्तदाब सांभाळणं, तांबड्या पेशी बनवायला हाडांतल्या मगजाला सांगणं, हीही कामं त्यांचीच. 'मूत्रपिंड' या शब्दात त्यांचा मागमूस नाही.

'वृक्क' जुना, चरकसंहितेतला. गंमत अशी की तिथे वृक्कांचा संबंध मूत्राशी नाही, मेदाशी आहे: मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद (चरबी) वाहणाऱ्या मार्गांचं मूळ वृक्क, तर मूत्रवह स्रोतसांचं मूळ बस्ती, म्हणजे मूत्राशय. किडनीभोवती चरबीचं जाड आवरण असतं, तेव्हा ही जोडी मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही. पुढे शास्त्रीय परिभाषेनं 'वृक्क' किडनीसाठी पक्का केला. वर्गात तो छान चालतो, पण दवाखान्यात "तुमच्या वृक्कांना सूज आहे" म्हटलं तर माणूस बावचळेल. 'गुर्दा' फारसीतून आला आणि आपल्याकडे मटणाच्या दुकानात स्थिरावला. माणसासाठी तो हिंदीत शोभतो, मराठीत कानाला खटकतो.

गल्लत टाळायची तर 'आशय' उलगडून सांगा. आशय म्हणजे साठायची जागा: पित्ताशय, गर्भाशय, तसं मूत्राशय. ओटीपोटातली ही पिशवी, पुष्कळ जण तिला लघवीची पिशवीच म्हणतात. तुम्हीही तेच लिहा. किडन्या वर, पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. मधल्या 25-30 सेंटिमीटरच्या बारीक नळ्या म्हणजे मूत्रवाहिन्या. खडा बहुधा तिथे अडकतो आणि कळ पाठीतून जांघेपर्यंत जाते.

आणखी एक: 'बस्ती' म्हणजे मुळात हीच पिशवी. पूर्वी एनिमा द्यायला जनावराचं मूत्राशय वापरत, म्हणून त्या उपचारालाही बस्तीच म्हणू लागले.

प्रश्न: आणि 'उन्हाळी लागणे'? आजी म्हणायची. पत्रकात घेऊ का?

उत्तर: जरूर घ्या, इतका नेमका शब्द शोधून सापडणार नाही. उन्हातून आल्यावर, पाणी पोटात नसलं की लघवी दाट, पिवळी होते, थेंब थेंब होते आणि जळजळते. धने-जिऱ्याचं पाणी देतात ते यावरच. फक्त पुढे एक ओळ घाला: थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखलं किंवा लघवीत रक्त दिसलं तर ती नुसती उन्हाळी नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'लघवी'ही तशीच ठेवा, तिच्या जागी 'मूत्रविसर्जन' आणू नका. ती 'लघु'वरून, लघुशंकेच्या घरातली. आडून बोलायला घेतलेला शब्द इतका रुळला की आता तोच थेट झाला. "लघवी तुंबली", "लघवीला आग होते" असंच रुग्ण सांगतो.

शीर्षकात 'किडनी', पहिल्या ओळीत एकदाच 'म्हणजे मूत्रपिंड', पुढे सगळीकडे किडनी, असं मी करीन. आणि मावशींसाठी एक वाक्य ठळक अक्षरात: "लघवी किती होते यावरून किडनी कशी आहे ते कळत नाही, रक्त आणि लघवी तपासून घ्या."