कॅश टेबलावर अर्धीच तयारी होते

पोकरच्या मोठ्या टूर्नामेंटआधी पणजीच्या कॅसिनोत कॅश गेम (थेट पैशांचा डाव, हवं तेव्हा बसा-उठा) खेळून हात बसवावा, असा सल्ला दिला जातो. चेहरे वाचायला, तासन्‌तास बसायची सवय व्हायला ते उत्तमच. पण कॅशमध्ये स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्स, घटला की पुन्हा १०० बिग ब्लाइंडपर्यंत (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी एका खेळाडूने लावायची सक्तीची रक्कम) भरता येतो. टूर्नामेंटचा खरा कस स्टॅक १० ते २५ बिग ब्लाइंडवर आला की लागतो. बिग ब्लाइंडच्या मापात स्मॉल ब्लाइंड (दुसरी, छोटी सक्तीची रक्कम) अर्धा, बिग ब्लाइंड एक, अँटी (डावासाठीची आणखी एक सक्तीची रक्कम) एक, म्हणजे पॉटमध्ये, मधल्या पैशांत, आधीच अडीच. बटणावरून, म्हणजे डीलरच्या जागेवरून, १० बिग ब्लाइंडचं ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स लावल्या) आणि सगळ्यांनी पत्ते टाकले, तर स्टॅक थेट २५ टक्के वाढतो. कॅशला सरावलेला माणूस तिथे नुसता कॉल करून (समोरच्याइतकीच रक्कम लावून) फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते, बघत बसतो आणि झिजतो. म्हणून छोट्या बाय-इनच्या (प्रवेश फीच्या) टूर्नामेंटही खेळा, तेही री-एंट्री, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून प्रवेश, न घेता.