मदत हवी आहे: संभाजीनगरात पोस्टग्रेसवाल्यांची भेट

नमस्कार मंडळी. लातूर, जालना, नांदेड, बीडला पोस्टग्रेस नाहीतर मारियाडीबी हे डेटाबेस सांभाळणारे बरेच जण आहेत, पण जो तो एकटाच झगडतो. दर वेळी पुणं गाठायचं म्हणजे अख्खा रविवार एसटीत जातो. म्हणून छत्रपती संभाजीनगरलाच ३०-४० जणांची एक दिवसाची भेट घ्यायचं ठरवतोय.

पहिला विषय पक्का आहे: बॅकअप. मागच्या उन्हाळ्यात आमची डिस्क गेली. रोज रात्री पीजीडम्प (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम) चालायचं, फाइलही दिसायची. उघडायला गेलो तर शून्य बाइट. बॅकअपच्या डिस्कवर जागाच उरली नव्हती. रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं, आधी कधी करूनच पाहिलं नव्हतं. तेव्हा भेटीत प्रत्येकानं स्वतःच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करायचं.

दुसरा विषय मराठी नावांच्या क्रमाचा. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांची यादी) ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू कोलेशन, म्हणजे त्या त्या भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय, आहे. मराठी याद्यांवर ते वापरलेलं कुणी बोलायला येईल का?

आणि बसस्थानकाजवळ इन्व्हर्टर असलेला, कमी भाड्याचा हॉल सुचवा. कॉलेजची लॅब मिळाली तर फारच बरं, पण रविवारची परवानगी कुणाकडे मागायची?