मदत हवी आहे: जर्मनीत एक सेमिस्टर, फिरणं आणि क्रेडिट दोन्ही कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, टिळकवाडीत राहते, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीबरोबर एक्स्चेंजचा करार आहे आणि विंटर सेमिस्टरसाठी माझं नाव लागलंय, शहर ड्रेस्डेन. घरात सगळे खूश आहेत, पण प्रत्येकाची भीती वेगळी आणि प्रत्येकाला सल्ला देणारा माणूसपण वेगळा, त्यामुळे खरं काय तेच कळेना झालंय म्हणून इथं विचारतेय.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. तिकडचं विंटर सेमिस्टर कागदावर ऑक्टोबर ते मार्च असतं, लेक्चर्स फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि परीक्षा त्याच्यापुढे. आमचं इथलं पुढचं सेम तोपर्यंत सुरू झालेलं असतंय. एचओडी सरांना विचारलं तर म्हणाले, जाऊन ये, बघूया की. आता हे बघूया की म्हणजे काय ते बेळगावात राहिलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. तिकडचे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट, पास करून आले आणि इथं कुणी धरलेच नाहीत तर एक सेम गेलं ना माझं?

दुसरं पैसे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला ९९२ युरो दाखवायचे, सहा महिन्यांचे ५,९५२ होतात, युरो शंभर रुपये धरला तरी सहा लाखाच्या घरात. अप्पांचं शहापूरला साड्यांचं दुकान आहे, सोसायटीत रोजची पिग्मी भरतात, त्यातून आणि थोडं मामांकडून होईल असं ठरलंय. पण दुकानात बसणाऱ्या कुणीतरी त्यांना सांगितलं की ब्लॉक केलेले पैसे म्हणजे गेले, परत येत नाहीत. तेव्हापासून अप्पा पासबुक काढतात, बघतात आणि काही न बोलता परत कपाटात ठेवतात. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसरं फिरणं. मला फिरायचंय, उगाच साधेपणाचा आव आणत नाही. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, जमलं तर पॅरिस, आणि मैत्रिणींनी तर स्वित्झर्लंडसकट यादीच पाठवलीय जशी काय मी टूर कंपनीच काढलीय. पण कोल्हापूरचा एक एजंट म्हणतोय की शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, ९० दिवसांच्या वर राहताच येत नाही, मध्येच परत यावं लागेल. आणि तोच म्हणतोय फाईल मुंबईतून टाकू, मावशीचा कोल्हापूरचा पत्ता दाखवू, लवकर होईल. मला हे काय पटेना. शिवाय पासपोर्टवर जन्मगाव बेळगाम आहे आणि आधारवर बेळगावी, त्याचं काय करायचं?

कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. गुगल करा म्हणू नका, ते करूनच इथं आलेय.

अनगोळवाला

आधी त्या एजंटला लांबूनच नमस्कार कर. ९० दिवसांचा नियम टुरिस्ट लोकांच्या शॉर्ट व्हिसाचा, १८० दिवसांत ९०. तुझा व्हिसा नॅशनल असणार, डी टाइप, त्यावर जर्मनीत सेमिस्टरभर राहायचं असतं म्हणूनच तो देतात. ९०/१८० तुला लागू होतं ते बाकीच्या शेंगेन देशांत फिरताना, म्हणजे प्राग-व्हिएन्नाचे दिवस मोजायचे, ड्रेस्डेनचे नाहीत. वीकेंडला फिरून ९० दिवस भरणार आहेत काय? तेवढे भरले तर एचओडींचं बघूया की खरंच बघावं लागेल.

मावशीचा पत्ता अजिबात नको. तू राहतेस कर्नाटकात, कॉलेजपण इथंच, म्हणजे अर्ज बेंगळुरूला, तिथल्या जर्मन कॉन्सुलेटकडे कर्नाटक आणि केरळ आहे. मुंबईकडे महाराष्ट्र-गोव्याची माणसं. निपाणीपासून कोल्हापूर तासाभरावर असलं म्हणून व्हिसावाल्यांना त्याचं काय कौतुक. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडलीस की सकाळी बेंगळुरू. गावाचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललंय ते सरकारीच आहे, अर्जात मात्र पासपोर्टवर जे छापलंय तेच आणि तसंच लिही.

अप्पांना सांग पैसे तुझ्याच नावावर असतात. तिकडं गेल्यावर खातं चालू झालं की दर महिन्याला ९९२ युरो तुझ्या हातात येतात, त्यातच भाडं, इन्शुरन्स, जेवण. उरले तर उरले. पिग्मीच आहे ती, फक्त उलटी, रोज भरायच्या ऐवजी महिन्याला काढायची.

खानापूरची ताई

मी ऑस्ट्रियात होते, जर्मनीत नव्हे, पण क्रेडिटचं सांगते कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याकडेच सगळे शेवटी बघतात. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणून कागद असतो, त्यात तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाच्या बदली धरणार ते लिहायचं आणि दोन्ही कॉलेजांची सही घ्यायची. ही सही निघायच्या आधी घे. विमानतळावरून मेल टाकून सह्या येत नाहीत. पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस म्हणून सेमिस्टरला ३० धरतात, पण तू ३० घेतलेच पाहिजेत असं नाही, इथं किती धरणार ते विचारून तेवढेच घे, एखादा जास्तीचा. आणि विषय निवडताना परीक्षा कधी आणि कशी ते बघ, काही विषयांना प्रोजेक्ट किंवा प्रेझेंटेशनवर मार्क असतात, ते लेक्चर्सबरोबरच संपतात, त्याने तुझा फेब्रुवारीचा घोळ अर्धा तरी सुटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी इथल्या अटेंडन्सचं लेखी घे. लेखी गं, तोंडी नाही.

पंत

शिकायला जायचं की फिरायला ते आधी ठरवा. आमच्या वेळी हुबळीला जायचं तरी घरात दोनदा विचारायला लागायचं.

अनगोळवाला

पंत, तुमच्या वेळी प्राग अडीच तासांवर नव्हतं. ड्रेस्डेनहून ट्रेननं तेवढंच लागतं.

बरं फिरण्याचं. डॉइचलँडटिकेट घे, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आता २०२६ पासून ६३ झालंय, महिनाभर सगळ्या लोकल आणि रीजनल ट्रेन, ट्राम, बस. आयसीई म्हणजे फास्ट गाडी त्यात नाही, चुकून बसलीस तर दंड. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. आधी युनिव्हर्सिटीच्या सेमिस्टर फीमध्ये असलं तिकीट येतंय का विचार. याच तिकिटावर साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, म्हणजे ऑस्ट्रिया फुकटात शिवून यायचं. वेळ मात्र लागतो, दिवसभर गाड्या बदलत बसायची तयारी ठेव.

एक लक्षात ठेव, २०२४ पासून जर्मनीनं शेजारच्या सगळ्या देशांच्या सीमेवर परत तपासणी चालू केलीय. प्रागहून येताना बसमध्ये पोलीस चढतात, फोनमधला फोटो चालत नाही, मूळ पासपोर्ट खिशात पाहिजे. आपल्याला महाराष्ट्राच्या सीमेवर कोगनोळीला करोनात आरटीपीसीआर विचारलं तेवढीच सवय. लंडन शेंगेनमध्ये नाही, त्याचा वेगळा व्हिसा. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, सगळीकडं युरो चालेल असं धरून जाऊ नको.

वडगावच्या काकू

बाळ, फिरण्याचं मुलं सांगतीलच, मी खाण्याचं सांगते, माझा मुलगा तिकडंच आहे. बाहेरून येणाऱ्यांना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, साजूक तूपसुद्धा नाही. आई डबा भरून देईल, तो घरीच ठेव म्हणावं. कुंद्याचापण हट्ट नको, खव्याचा आहे, कस्टममध्ये उघडला तर कुठं वाद घालत बसणार. कढीपत्ता ओला नको. शेंगदाण्याची, कारळ्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, पोहे ने. आणि रविवारी दुकानं बंद असतात तिकडं, शनिवारीच सगळं आणून ठेवायचं, हे माझा मुलगा उपाशी राहून शिकला.

मूळ धागा टाकणारी

काकू, अनगोळवाला दादा, ताई, खूप खूप आभार. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचा फॉर्म मिळालाय, सोमवारी सरांच्या केबिनबाहेर बसणार आहे सही होईपर्यंत. अप्पांना उलट्या पिग्मीचं सांगितलं तर पहिल्यांदा हसले, मग विचारलं व्याज किती देतात. पंत काका, अभ्यासपण करणार आहे हो. ख्रिसमसच्या सुट्टीत लांबचं आणि बाकी वेळी शनिवार-रविवार जवळचं, एवढंच ठरवलंय, स्वित्झर्लंड यादीतून काढलं.

आता एकच राहिलं. स्टुडंट हॉस्टेलसाठी वेटिंग आहे म्हणतात आणि गेल्यावर दोन आठवड्यांत शहराच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो, मग खोलीच मिळाली नसेल तर पत्ता कुठला देतात? ड्रेस्डेन किंवा लाइपझिगला कुणी असेल तर सांगा.