सेस्नाचं इंजिन: आपलंच उघडून करायचं, की देऊन दुसरं घ्यायचं?

गोदाकाठचा_पायलट
आम्ही नाशिकचे तिघं मित्र, तिघांत मिळून एक जुनं सेस्ना १७२ एम आहे, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर उभं असतं. इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, चार सिलेंडर, १५० हॉर्सपॉवर. मागचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) फेब्रुवारी २०१४ चं आणि त्यानंतर १,६४० तास झालेत. कंपनीचं म्हणणं २,००० तास किंवा बारा वर्षं, जे आधी येईल ते. म्हणजे तासाने बघितलं तर ३६० शिल्लक, आणि कॅलेंडरने बघितलं तर येत्या फेब्रुवारीत मुदत संपली.

एक पार्टनर म्हणतो फॅक्टरी रिबिल्ट मागवू, आपलं जुनं परत पाठवू, मोकळे होऊ. माझं मत आपलंच इंजिन ओव्हरहॉल करायचं. या क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) आजवर काय काय झालं ते आमच्या लॉगबुकात पानन् पान लिहिलेलं आहे, प्रॉपेलर कधी जमिनीला लागलेला नाही, इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, कधी वेल्ड झालेली नाही. रिबिल्टमध्ये फॅक्टरी तुमचं इंजिन तुम्हाला परत देत नाही, कुठल्या कुठल्या इंजिनांचे चांगले निघालेले भाग एकत्र करून शून्य तासाचं नवं लॉगबुक देते. माहीत असलेली वस्तू देऊन माहीत नसलेली का घ्यायची? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा, पैशाचं आम्ही बघून घेऊ, मला बाजू कळायला हव्यात.

हँगर_नंबर_३
तुमच्या पार्टनरचं बरोबर आहे, आणि हे मी हात पोळल्यावर बोलतोय. आमच्या शिकवायच्या विमानाचं इंजिन आम्ही एका शॉपला दिलं, बोलले दहा आठवडे आणि लागले सात महिने. आधी क्रँक मापात बसेना, मग दुसरा क्रँक मिळेना, मिळाला तर त्याचे कागद पूर्ण नाहीत. या सगळ्यात विमान हँगरमध्ये नाक उघडं टाकून उभं, भाडं चालू, इन्शुरन्स चालू, पोरं दुसरीकडे तास भरायला निघून गेली. रिबिल्टला तारीख मिळते, किंमत आधी कळते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते नव्या इंजिनाच्या मापात बसलेलंच असावं लागतं. ओव्हरहॉल नुसतं सर्व्हिस लिमिटमध्ये बसलं तरी कागदावर ओव्हरहॉलच, म्हणजे झिजेच्या शेवटच्या रेघेच्या केसभर अलीकडचा भाग परत आत जाऊ शकतो. शून्य तासाचं लॉगबुक फक्त इंजिन बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिने मान्य केलेल्या संस्थेलाच देता येतं, ते काही उगाच नाही. आणि १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्ट्सच्या आयातीवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आहे, त्यामुळे पूर्वीची आयातीची भीती आता मनात धरू नका.

सातपूर_टर्नर
मी विमानातला माणूस नाही, सातपूरला आमचं क्रँक ग्राइंडिंगचं काम आहे, रोज ट्रॅक्टर आणि टेंपोचे क्रँक येतात. एक विचारतो, राग मानू नका. क्रँक मापात नसेल तर दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून अंडरसाइज करून बेअरिंग तशी टाकायची, आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम. त्याच्यापायी सात महिने कसे काय लागतात?

ओझर_निवृत्त
सातपूरवाले, प्रश्न रास्त आहे. या क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नायट्रायडिंगचा कडक थर असतो, आणि तो अगदी पातळ. तीन किंवा सहा थाउपर्यंत पॉलिश केलं तर चालतं, दहा थाउ घेतलं की पुन्हा नायट्राइड करावं लागतं, नाहीतर खालचा मऊ पोलाद उघडा पडतो. त्याआधी मॅग्नेटिक पार्टिकलने, म्हणजे चुंबकीय तपासणीने, तडे बघायचे, आणि हे सगळं करणारा माणूस आणि दुकान मंजूर पाहिजे, प्रत्येक पायरीचा कागद पाहिजे. तुमचा हात कितीही चांगला असला तरी कागद नसेल तर तो भाग विमानात जाऊ शकत नाही.

मी ओझरच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं काढली, पण एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर, मिगची इंजिनं कोरापुटला व्हायची. तरी एक गोष्ट अंगात मुरलीय, ती अशी की "चांगलं वाटतंय" हे माप नव्हे. गोदाकाठ, तुम्ही शॉपला एकच विचारा, नवीन लिमिटला बांधून देणार का सर्व्हिस लिमिटला, आणि मापांचा तक्ता सहीने देणार का? पहिल्याचं उत्तर "नवीन" आणि दुसऱ्याचं "हो" असेल तर वरच्या भाऊंचा रिबिल्टचा निम्मा मुद्दा तिथेच संपतो.

मोकळं_आकाश
दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालल्यात की इंजिन उघडायचंच. का? चालू इंजिन का उघडायचं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या, तर ठरलेली तपासणी होऊन आली की लगेच बिघाड वाढायचे आणि मग हळूहळू कमी व्हायचे. म्हणजे हात लावल्यानेच बिघडत होतं. नवीन बांधलेल्या इंजिनाचे पहिले तास हे १,६४० तास नीट चाललेल्या इंजिनापेक्षा जास्त धोक्याचे, हे मी मनापासून मानतो. अमेरिकेत खाजगी मालक टीबीओ, म्हणजे कंपनीने सांगितलेली ओव्हरहॉलची मुदत, ओलांडून वर्षानुवर्षं उडवतात आणि ते कायदेशीर आहे. कॉम्प्रेशन बघा, बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा, दर ऑइल चेंजला फिल्टर कापून बघा, तेलाचा नमुना लॅबला पाठवा. इंजिन स्वतः सांगतं कधी उघडायचं ते, कॅलेंडरला काय कळतंय. आणि फॅक्टरीचा शिक्का म्हणजे सगळं निर्धोक असंही नाही, २०१७ मध्ये लायकमिंगच्याच काही इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडच्या बुशवरून एफएएला (अमेरिकेच्या विमान नियामकाला) तपासणीचा आदेश काढावा लागला होता.

हँगर_नंबर_३
अमेरिकेतला नियम अमेरिकेत. आपल्याकडे तुमच्या विमानाच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात जे लिहिलंय तेच चालणार, ते आधी वाचा, मग महायुद्धात जा. आणि माझ्या विमानात १९ वर्षांचं पोर एकटं सोलोला जातं, खाली त्या पोराचे आईबाप गेटवर उभे असतात. त्यांना मी "इंजिन स्वतः सांगेल" असं सांगू का?

मोकळं_आकाश
पोरांची काळजी मलाही आहे म्हणून तर म्हणतोय. सोलोच्या पोराला काल बांधून आलेलं इंजिन देणार का १,६०० तास सिद्ध झालेलं, हा खरा प्रश्न आहे. पण देखभाल कार्यक्रमाचं मान्य, ते आधी वाचायलाच हवं.

पिंपळगावकर_बागायतदार
माझा पुतण्या पायलटचं शिकतोय म्हणून मी हा धागा वाचतोय. आमच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरचा अनुभव सांगतो. द्राक्षाचा सीझन संपला की ट्रॅक्टर चार महिने शेडमध्ये उभा, आणि काम निघतं ते नेमकं त्याच्यानंतर. रोज चालणारा ट्रॅक्टर इतका त्रास देत नाही. गोदाकाठ, तुमचं विमान मध्ये किती दिवस उभं होतं ते तुम्ही सांगितलंच नाही.

गोदाकाठचा_पायलट
दादा, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. मी लॉगबुक परत काढून बसलो काल रात्री. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ एकही उड्डाण नाही. अकरा महिने, त्यात अख्खा पावसाळा. मधूनमधून कोणीतरी जाऊन दहा मिनिटं स्टार्ट करून यायचं आणि आम्हाला वाटायचं आपण काळजी घेतोय.

ओझर_निवृत्त
अहो ते दहा मिनिटांचं स्टार्ट करणं न करण्यापेक्षा वाईट. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही, उलट ज्वलनाचा ओलावा आणि आम्ल आत साठतं. लायकमिंग स्वतः सांगते की ३० दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडवा, तेल १६५ ते २०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ ते ९३ सेल्सिअसला राहिलं पाहिजे. उडवता येत नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह तेल आणि सिलिका जेलचे प्लग लावून ठेवायचं.

आणि या इंजिनाची कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी फिरती दांडी, क्रँकच्या वर असते. उभं राहिलं की तेल ओघळून खाली सम्पमध्ये (तेलाच्या तळटाकीत) जातं, कॅमचे लोब (उंचवटे) कोरडे पडतात आणि त्यावर गंजाचे ठिपके येतात. पुढे चालवलं की तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये यातलं काहीही दिसत नाही.

मोकळं_आकाश
हे मला मान्य आहे, कॅम हा लायकमिंगचा कच्चा दुवा. पण म्हणूनच फिल्टर कापा म्हणतोय, गंजलेला कॅम फिल्टरमध्ये लोखंड सोडतोच. फक्त कॅम बघायला म्हणून सिलेंडर उतरवू नका हो. त्याच नट आणि थ्रू-बोल्टवर केसचे दोन अर्धे आणि मेन बेअरिंग दाबून धरलेले असतात, ते ढिले असताना कोणी प्रॉपेलर फिरवला तर बेअरिंग जागचं सरकू शकतं. बघायला गेलो आणि बिघडवून आलो असं होतं.

गोदाकाठचा_पायलट
शनिवारी पहाटे निघालो, आठला हँगरवर. इंजिन गरम करून कॉम्प्रेशन घेतलं, ८० पीएसआय हवा सोडल्यावर चार सिलेंडरनी धरलेला दाब ७६, ७४, ७५ आणि ६३. त्रेसष्टवाल्याला एक्झॉस्टच्या पाइपाला कान लावला तर बारीक फुसफुस, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेवढ्याचं मला काही वाटलं नाही, सिलेंडरपुरतं काम आहे ते.

मग फिल्टर. (मूळ इंजिनाला नुसती जाळी होती, आम्ही अॅडॉप्टर लावून फिल्टर घेतलाय.) एएमईंनी (परवानाधारक देखभाल इंजिनियरांनी) डबा कटरने कापला, आरीने नाही कारण आरीचाच कीस आत पडतो. आतला कागद पट्टी काढून उलगडला आणि उन्हात धरला. घड्यांमध्ये चांदीच्या चुऱ्यासारखं चमकत होतं. मी म्हटलं अॅल्युमिनियम असेल. त्यांनी काही न बोलता प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून कागदावरून फिरवलं आणि पिशवी माझ्यापुढे धरली. बाहेरच्या बाजूला बारीक बारीक सुया उभ्या, आणि दोन चपटे पापुद्रे, नखाच्या टोकाएवढे. आधीच्या ऑइल चेंजला आम्ही फिल्टर न कापताच फेकला होता, ते आता फार लागतंय मनाला.

इंजिन बंद केलंय. फेब्रुवारीची वाट बघायचा प्रश्न उरला नाही.

मोकळं_आकाश
लोखंड आणि तेही पापुद्रे, मग माझा मुद्दा संपला. उघडा. या इंजिनात टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे रेटा देणारे भाग) छत्रीसारखे असतात, केस दोन भाग केल्याशिवाय बाहेर येत नाहीत, म्हणजे अर्धवट काही करता येणारच नाही.

हँगर_नंबर_३
वाईट वाटलं, पण जमिनीवर कळलं हे मोठं. आता तरी रिबिल्टची ऑर्डर टाका. ते लोखंड तेलाबरोबर सगळीकडे फिरलंय, बेअरिंगमध्ये, ऑइल पंपमध्ये, ऑइल कूलरमध्ये. ऑइल कूलर आणि पाइप तर कुठलाही पर्याय घेतला तरी साफ करा किंवा बदला, नाहीतर नव्या इंजिनात जुना चुरा जाईल.

गोदाकाठचा_पायलट
कूलरचं लिहून घेतलं, धन्यवाद. पण बाकी मी अजून माझ्याच जागी आहे, थोडा सरकून. काल तिघं बसलो आणि असं ठरलं की आपलंच इंजिन द्यायचं, नवीन लिमिटला, कॅम आणि टॅपेट नवे, सिलेंडर चारही नवे, आणि ओव्हरहॉलला जे भाग बदलायलाच हवेत म्हणून लायकमिंगच्या बुलेटिन २४० मध्ये दिलेत ते सगळे. अट एकच घातलीय, आधी फक्त उघडा, क्रँक आणि केसचं माप आणि तड्यांचा रिपोर्ट द्या, तोपर्यंत एकही पार्ट मागवू नका. क्रँक पास झाला तर पुढे जायचं. नापास झाला तर दुसऱ्या क्रँकच्या मागे एक दिवसही न घालवता रिबिल्ट मागवायचं. तुमचे सात महिने मी विसरलेलो नाही.

हँगर_नंबर_३
नापास क्रँक परत पाठवला तर जुन्या इंजिनाचे जे पैसे वजा मिळतात तेही कापले जातात, हे आत्ताच हिशोबात धरा. माझं मत बदललेलं नाही, पण अट चांगली आहे. शॉपकडून लेखी घ्या.

सातपूर_टर्नर
मापं आली की इथे टाका साहेब, मला बघायचीत.

गोदाकाठचा_पायलट
टाकतो. सोमवारी इंजिन माउंटवरून उतरतंय.