‘जास्त’ दिसलं की मुलं बेरीजच करतात

प्रश्न: दुसरीचा वर्ग. ‘मीनाकडे १३ चिंचोके आहेत. ते राजूपेक्षा ५ जास्त आहेत. राजूकडे किती?’ निम्मी मुलं १८ लिहितात. चित्रातून कसं समजवावं?

उत्तर: मुलं शब्दावर उडी मारतात, म्हणून तसं होतं. चौकटीच्या वहीतल्या पट्ट्या कापा, एक चौकट म्हणजे एक चिंचोका. १३ चौकटींची पट्टी मीनाची. मग एवढंच विचारा, जास्त कोणाकडे? मीनाकडे. म्हणजे राजूची पट्टी आखूडच हवी. मीनाच्या पट्टीच्या उजव्या टोकाकडच्या ५ चौकटी रंगवा, उरलेल्या ८ चौकटींइतकी राजूची. दोन्ही पट्ट्या डावीकडे समासाच्या रेघेला टेकवा. डावी टोकं मागेपुढे झाली की सगळं फसतं.

दुसरं उत्तर: त्याआधी खरे चिंचोके जोड्या लावून मांडाच, चौकटी नसलेल्या रिकाम्या पट्ट्यांची घाई नको. शिवाय उदाहरण आधी आकडे गाळून वाचा: ‘मीनाकडे राजूपेक्षा काही जास्त.’ आकडे नसले की मुलं वाक्य ऐकतात.

प्रश्नकर्ती: ‘काही होते, ४ दिले, ७ उरले, आधी किती होते?’ यालाही दोन पट्ट्या?

उत्तर: नाही, एकच. तिचे दोन तुकडे, ४ आणि ७. अख्खी पट्टी ११. इथे ‘दिले’ असूनही बेरीज येते, ते मुलांनाच शोधू द्या.