आय७-२६००के ला कोणता कूलर लावू? नागपूरच्या उन्हाळ्यात ४.४ वर चालवायचा आहे

मनीषनगरवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे इंटेलचा जुना आय७-२६००के प्रोसेसर आहे, झेड६८ चा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर३ रॅम, सगळं मोठ्या भावाकडून आलेलं आणि अजून मस्त चालून राहिलं आहे. मी व्हिडिओ एडिटिंग करतो, थोडं गेमिंग, आणि मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) खुला असलेला प्रोसेसर ३.४ वरच पडून आहे हे काही बघवत नाही, म्हणून ४.४ ते ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचा विचार आहे. सध्या बॉक्ससोबत आलेला इंटेलचा छोटा कूलरच आहे. मे महिन्यात दुपारी एक्स्पोर्ट लावलं की कोअर टेम्परेचर ८५ च्या वर जाते, तेही ओव्हरक्लॉक न करता, म्हणजे ठरलेल्या स्पीडवरच. बजेट अडीच-तीन हजार. सिताबर्डीत एका दुकानात विचारलं तर तो म्हणे २४० मिमी रेडिएटरचं लिक्विड (पाण्याचं) कूलरच घ्या, एअर कूलरने काही होणार नाही, पण ते बजेटच्या बाहेर आहे. रूममध्ये एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. कॅबिनेट जुनं, मागे एकच फॅन. नवीन पीसी घे असं कृपया सांगू नका, आत्ता ते शक्य नाही.

जुनाबोर्ड:
लिक्विडची काही गरज नाही भाऊ, सँडी ब्रिज पिढीचा आहे तुझा. त्या पिढीत प्रोसेसरच्या चिपवर जे धातूचं झाकण असते ते आतून सोल्डरने जोडलेलं आहे, त्यामुळे उष्णता वर यायला अडत नाही आणि साधा चांगला सिंगल टॉवर कूलरही (पात्यांचा एकच उभा गठ्ठा आणि त्याला फॅन) तिला नीट ओढून घेतो.

आता नागपूरचं गणित समज. कूलर कितीही महाग असो, हवेचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला रूमच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती डिग्री राहील ते ठरवतो. रिव्ह्यूवाले साधारण २०-२५ डिग्रीच्या रूममध्ये टेस्ट करतात. २५ च्या रूममध्ये त्यांना ६५ दिसलं म्हणजे हवेच्या वर ४० डिग्री. तोच कूलर, तोच लोड, तुझ्या रूममध्ये मे महिन्यात ४० डिग्री असेल तर ८० दिसणार. म्हणून रिव्ह्यूतला आकडा तसाच धरू नको, त्यातून त्यांच्या रूमचं तापमान वजा कर आणि आपल्या दुपारचं मिळव. २६००के ची मर्यादा ९८ आहे, तिथे तो स्वतःच स्पीड कमी करतो, पण रोजच्या कामात ८० च्या आत ठेव.

आणि ओव्हरक्लॉकने वॅट किती वाढतात तेही बघ. वीज फ्रीक्वेन्सीच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ व्होल्टवर ३.५ ला चालणारा प्रोसेसर १.३५ व्होल्टवर ४.४ ला नेला तर हिशोबाने दीडपटीच्या वर जाते, म्हणजे ९५ वॅटच्या जागी १५० धर. स्टॉक, म्हणजे बॉक्ससोबत आलेला, कूलर इथेच हात टेकते. डीपकूल एके४०० किंवा कूलरमास्टर हायपर २१२, दोन्ही चार हीटपाइपवाले (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या), १२० मिमी फॅनचे, यातलं जे मिळेल ते घे.

फक्त बॉक्सवर सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, वाचून घे. तुझा सॉकेट ११५५. ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० यांच्याभोवती कूलर लावायच्या भोकांचे अंतर एकच आहे, ७५ मिमी, त्यामुळे यातला कोणताही नंबर लिहिला असेल तर बसते. १७०० चं अंतर वेगळं आहे. आर्क्टिक फ्रीझर ३६ सारखा चांगला कूलरसुद्धा इंटेलच्या फक्त १७०० आणि १८५१ ला बसतो, तो आपल्या कामाचा नाही. दुकानदार म्हणेल "सगळ्यांना बसते", ऐकू नको, वाच.

धरमपेठ_पीसी:
वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते कूलरच्या ब्रँडपेक्षा तीच जास्त महत्त्वाची आहे. इंटेलचा तो गोल स्टॉक कूलर हवा खाली बोर्डावर मारते. प्रोसेसरच्या बाजूला जे व्हीआरएम असतात, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे मॉस्फेट आणि कॉइल, त्यांना ती हवा फुकटात मिळत असते. टॉवर कूलर लावला की हवा आडवी मागे जाते आणि व्हीआरएमवर फारशी येत नाही, आणि नेमकं तेव्हाच तू त्यांच्यावर ओव्हरक्लॉकचा लोड टाकून राहिलास. लिक्विडमध्ये तर अजून वाईट, सॉकेटजवळ फॅनच नसतो. इतक्या जुन्या बोर्डात माणसाला भीती कॅपॅसिटर आणि मॉस्फेटची असली पाहिजे, प्रोसेसर सहसा मरत नाही. म्हणून तीन हजारातले चार-पाचशे बाजूला ठेव आणि समोर एक १२० चा फॅन लाव, हवा आत घेणारा. टॉवरच्या फॅनचं तोंड रॅमकडे, हवा मागच्या फॅनकडे. एक्स्पोर्ट चालू असताना व्हीआरएमच्या हीटसिंकला बोट लावून बघ, क्षणभरही ठेवता येत नसेल तर व्होल्टेज कमी कर.

डेझर्ट कूलरबद्दल: रूम त्याने बरीच थंड होते, मे महिन्याच्या कोरड्या हवेत फार फायदा होतो, जरूर चालव. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. दमट हवेने आत पाणी जमत नाही, कारण आतले पार्ट हवेपेक्षा गरमच असतात, पण बारीक थेंब उडतात आणि बोअरचं पाणी असेल तर खसच्या पॅडवर जो पांढरा क्षार बसतो तोच बोर्डावरही बसायला लागते. झोताच्या बाजूला ठेव, खिडकी थोडी उघडी. आणि आपल्याकडे सिमेंट रोडची कामं संपतच नाहीत, समोरच्या फॅनला जाळी लाव आणि ती दर महिन्याला झटक.

हिंगणा_रोड:
मध्येच विचारतो, माझ्याकडे आय५-३५७०के आहे, मलाही हाच कूलर चालेल का? ४.२ वरच फार गरम होते.

जुनाबोर्ड:
बसेल, सॉकेट तोच. पण तुझा प्रोसेसर पुढच्या पिढीचा आहे, आयव्ही ब्रिज; त्यात, २०१२ पासून, इंटेलने झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरली आणि चिपही लहान झाली. उष्णता झाकणापर्यंतच नीट पोहोचत नाही, त्यामुळे वरचा कूलर मोठा करून फरक पडतो पण २६००के एवढा नाही. काही जण झाकण काढून पेस्ट बदलतात, ब्लेडने चिप कापली गेली की प्रोसेसर कायमचा गेला. त्यात नको पडू. ४.२ ला ऑटो व्होल्टेज असेल तर आधी हाताने सेट करून कमी कर, बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा जास्तच देतात. बहुतेक तिथेच तुझं काम होईल.

मनीषनगरवाला:
खूप आभार, व्हीआरएमचं तर डोक्यातच नव्हतं. आज साइड पॅनल उघडून पट्टीने मोजलं, बोर्डापासून पॅनलच्या कडेपर्यंत १६८ मिमी आहे. एके४०० ची उंची १५५ लिहिली आहे, बसेल ना? आणि सेटिंग कुठून सुरू करू?

धरमपेठ_पीसी:
सॉकेट आणि प्रोसेसरचे ८-१० मिमी वजा कर, १५८ राहतात. १५५ बसेल, पण हायपर २१२ चं जुनं मॉडेल घेऊ नको, ते १५८-१५९ च्या आसपास आहे, पॅनल लागणार नाही.

प्रोसेसरच्या मागे कॅबिनेटला कट नसेल तर बॅकप्लेट (बोर्डाच्या मागची आधाराची पट्टी) लावायला बोर्ड बाहेर काढावा लागेल, रविवार मोकळा ठेव. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पूस, नवी वाटाण्याएवढी मधोमध. स्क्रू एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं करू नको, आळीपाळीने थोडे थोडे आवळ.

मल्टिप्लायर ४० वर ठेव (म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ), व्होल्टेज हाताने १.२५, प्राइम९५ हे पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर चालव, टेम्परेचर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघ. टिकलं की ४२, मग ४४. १.३५ च्या वर आपल्या हवेत जाऊ नको, ४५ ला त्याहून जास्त मागत असेल तर ४४ वरच ठेव. आणि हे सगळं सकाळी नाही, भर दुपारी तीनला टेस्ट कर. सकाळी पास झालेली सेटिंग दुपारी ब्लू स्क्रीन देते.

मनीषनगरवाला:
ठीक आहे दादा, शनिवारी कूलर आणि फॅन आणतो, दुपारचे आकडे इथे टाकतो.